शेजारच्या घरातलं व्यसन आणि आपण

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

शेजारच्या घरात कुणी दारूच्या आहारी गेलं की आजूबाजूची माणसं सहसा दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर 'त्यांच्या घरचा मामला' म्हणून दार लावून घेतात, नाही तर त्या माणसाला सुधारण्याचा विडा उचलतात. पहिल्याने ते घर एकटं पडतं. दुसऱ्याने क्वचित माणूस जिवानिशी जातो. व्यसनमुक्तीच्या आणि कुटुंबीयांच्या आधारगटांच्या कामात असलेल्या आम्हा काही जणांना याबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटलं. आमचं म्हणणं थोडक्यात असं: दारू सोडवणं हे शेजाऱ्याचं काम नाही. ते डॉक्टरांचं, समुपदेशकांचं आणि मुख्यतः पिणाऱ्याचं स्वतःचं आहे. शेजाऱ्याने सांभाळायची ती घरातली बाकीची माणसं. पिणारा नवरा असेल, बायको असेल, कमावता मुलगा असेल किंवा निवृत्त वडील असतील. त्याच्याभोवती जगणाऱ्यांना कुणीतरी लागतं.

सर्वांत धोक्याची गोष्ट आधी सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याची, त्यातही सकाळी उठल्याउठल्या घोट लागणाऱ्याची दारू एका दिवसात तोडणं जिवावर बेतू शकतं. चार वडीलधारी माणसं जमतात, त्याच्याकडून शपथ घेववतात, बाटल्या मोरीत ओततात आणि तो बाहेर पडू नये म्हणून खोलीला कडी लावतात. हेतू चांगलाच असतो. पण दारू मेंदूला मंद करते, आणि वर्षानुवर्षं रोज दारू येत राहिली की मेंदू त्या मंदपणावर मात करायला स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की ब्रेक सुटतो, दाबलेला ॲक्सिलरेटर मात्र तसाच राहतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ८ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. आकडी येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत असतो. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना 'डिलिरियम ट्रेमेन्स' होतो. ताप चढतो, नाडी धावते, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं, अंगावर किडे चढतायत असं वाटून माणूस ते झटकत बसतो. घरच्यांची फसगत नेमकी इथे होते. दोन रात्री काढल्या, आता सुटलो, असं वाटत असतानाच तिसऱ्या दिवशी हे सुरू होतं. मग कुणी त्याला वेड लागलं म्हणतं, कुणी नाटक म्हणतं. प्रत्यक्षात ही तातडीने रुग्णालयात न्यायची वेळ असते.

म्हणून 'उद्यापासून बंद' असं त्या घरात ठरत असेल, तर शेजाऱ्याने घरच्यांना तीन प्रश्न विचारावेत. तो सकाळी पितो का? मागे एखादा दिवस प्यायला मिळाली नाही तेव्हा हात थरथरले होते का? कधी आकडी आली होती का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बहुतेक वेळा दाखल करूनच. तिथे थरथर आणि आकडी रोखणारी औषधं देऊन काही दिवसांत ती उतरवत नेतात. हीच औषधं घरी अंदाजाने देणं किंवा कुणाच्या झोपेच्या गोळ्या त्याला देणं फार धोक्याचं आहे, कारण दारूसोबत त्या श्वास मंदावतात. डॉक्टरांची वेळ एकदोन दिवसांनंतरची मिळाली असेल, तर तोवर रोजचं प्रमाण अचानक शून्यावर आणू नये. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांनी हे लिहावं याचं काहींना नवल वाटेल, पण वैद्यकीय सल्ला हाच आहे.

याला जोडूनच एक गोष्ट, जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. पिणारा माणूस दुसऱ्याच कारणासाठी रुग्णालयात जातो. पाय मोडतो, हर्नियाची शस्त्रक्रिया असते. घरचे लाजेपोटी दारूबद्दल बोलत नाहीत. दाखल झाल्यावर दारू आपोआप बंद होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात तो बरळू लागतो, सलाईन उपटतो. डॉक्टरांना कारण माहीत नसल्यामुळे मौल्यवान तास वाया जातात. सोबत गेलेल्या शेजाऱ्याने घरच्यांना बाजूला घेऊन एवढंच सांगावं, की डॉक्टरांपाशी लाजू नका. किती, रोज की अधूनमधून, आणि शेवटची कधी, हे तिन्ही सांगा. सलग पिणाऱ्यांच्या शरीरात जीवनसत्त्व ब-१ म्हणजे थायमिन फार कमी झालेलं असतं. अशा माणसाला ग्लुकोज नुसतं चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टर थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा सोबत देतात. गोंधळलेलं बोलणं, डोळ्यांची बुबुळं थरथरणं आणि चालताना झोक जाणं ही त्या कमतरतेची खूण आहे. दारू उतरल्यावरही झोक जात असेल तर 'अजून उतरली नाही' म्हणून सोडून देऊ नये.

रात्री-अपरात्री दार वाजतं आणि 'हे उठतच नाहीयेत' म्हणून कुणी उभं असतं, तेव्हा काय करायचं? हाक मारून, खांदा जोरात दाबून जाग येते का पाहा. जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास होत असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार पडलं असेल, तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला एकटं सोडू नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवून पुढे घ्या म्हणजे अंग पालथं पडणार नाही, हनुवटी जरा वर करा, तोंड किंचित खाली राहू द्या. उताणं झोपलेल्या बेशुद्ध माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते आणि दारूच्या अतिसेवनातले कितीतरी मृत्यू असेच होतात. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यांतल्या कशानेही दारू लवकर उतरत नाही. यकृत ती आपल्याच संथ गतीने जाळतं. घशात बोटं घालून उलटी करवू नका. आणि 'आता पिणं थांबलंय, झोपला की ठीक होईल' हेही खरं मानू नका. पोटातली दारू रक्तात उतरत राहते, त्यामुळे शेवटच्या पेल्यानंतरही काही काळ नशा वाढतच असते. पडून डोक्याला मार लागला असेल तर तो नुसता झोपलाय असं समजूच नका. रोज पिणाऱ्याच्या कवटीत सावकाश रक्त साचण्याचा धोका जास्त असतो आणि ती सुस्ती हुबेहूब नशेसारखी दिसते. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धुरकट दिसू लागलं, पोटात कळा येऊन उलट्या होऊ लागल्या, तर ती मिथेनॉलची, म्हणजे भेसळीच्या दारूतल्या विषारी अल्कोहोलची, विषबाधा असू शकते. तिच्यावर उतारा आहे, पण दृष्टी आणि जीव वाचवायला उशीर परवडत नाही.

संपादक महोदय, इथे वर्तमानपत्रांनाही एक सांगणं आहे. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा छोट्या जाहिराती अजून छापून येतात आणि कळवळलेला शेजारीच बहुधा त्या कापून नेऊन देतो. अशा पुडीत काय असतं हे देणाऱ्याला ठाऊक नसतं. डायसल्फिरम हे खरं औषध आहे. दारूवर त्याचा उपयोग होऊ शकतो, हे १९४८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवलं. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय कमजोर असेल तर मृत्यूही येऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. म्हणून ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून आणि शेवटच्या दारूनंतर किमान १२ तासांनी सुरू करायचं असतं. जेवणात कालवून दिलं, तर ज्याला पथ्य माहीतच नाही तो त्या रात्री पिणारच. जीव वाचला तरी घरच्यांवरचा विश्वास कायमचा जातो आणि पुढची खरी औषधंही तो नाकारतो. तल्लफ कमी करणारी नालट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेटसारखी औषधंही आज आहेत. कुणाला कोणतं चालेल हे यकृत-मूत्रपिंडांच्या तपासण्या पाहून मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. नकळत दारू सोडवण्याच्या जाहिराती आपण स्वीकारू नयेत, ही आमची आग्रहाची विनंती.

आता रोजच्या जगण्याकडे येऊ. पहिलं बोलणं सर्वांत अवघड जातं. ते पिणाऱ्याच्या बायकोशी (किंवा आईशी, नवऱ्याशी) एकट्यात करावं, दोघींनाही घाई नसताना. जिन्यात, चारचौघांत, भांडणाच्या दुसऱ्याच सकाळी कुजबुजत नको. जेवढं प्रत्यक्ष ऐकलं-पाहिलं तेवढंच बोलावं: "वहिनी, काल रात्री आवाज आले. तुम्ही बऱ्या आहात ना? मला कुणाला काही सांगायचं नाहीये. रात्री कितीही वाजता बेल वाजवा." बस. तिने नाकारलं, "छे, टीव्हीचा आवाज असेल" म्हणाली, तर "बरं" म्हणून विषय सोडावा. नाकारलं म्हणजे मदत नको असा अर्थ नसतो; बहुतेक घरं पहिल्या वेळी नाकारतातच. ते शेवटचं वाक्य तिच्याकडे पोचलेलं असतं. महिनाभराने पुन्हा सहज विचारावं. 'सोडून का नाही देत त्याला?', 'तूच लाडावून ठेवलंयस', 'एवढं शिकलेली असून सहन करतेस?' ही तीन वाक्यं मात्र पूर्ण टाळावीत. त्यानंतर ती बोलणं बंद करते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं एक अक्षरही जाऊ नये, काळजी म्हणूनसुद्धा नाही.

पैशाचं आधीच ठरवून ठेवावं. रोख उसने देऊ नयेत, त्याला नाहीच आणि शक्यतो घरच्यांनाही नाही, कारण घरात आलेली रोकड शोधली जाते आणि ती कुठे ठेवली यावरून मारहाण होते. मदत करायचीच असेल तर शाळेची फी शाळेत, औषधांचं बिल औषधांच्या दुकानात भरावं, आणि आपल्याला किती झेपेल तो आकडा सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगावा. 'तब्येत बरी नाही, आज येत नाहीत' असे त्याच्या कामावर फोन करू नयेत. त्याची देणी आपण फेडू नयेत. पण या तत्त्वाचा अतिरेकही पाहायला मिळतो. 'अद्दल घडू दे' म्हणून बेशुद्ध माणसाला थंडीत बाहेर पडू देणं याला शिस्त म्हणत नाहीत. जीव आणि मुलं या दोन बाबतींत कधीच हात आखडता घेऊ नये. नोकरी, कर्ज, अब्रू यांचे परिणाम त्याचे त्याला भोगू द्यावेत. घरचे कधी दागिने किंवा कागद ठेवायला देतात. कागदपत्रांच्या प्रती जरूर ठेवाव्यात. दागिने ठेवलेच तर काय-काय आहे ते दोघांच्या सहीने लिहून ठेवावं, नाही तर पुढे चोरीचा आळ येतो आणि मदत तिथेच संपते.

मुलांसाठी शेजारी जे करू शकतो ते दुसरं कुणीच करू शकत नाही, म्हणून यावर थोडं जास्त लिहितो. अशा घरातल्या मुलाचं अर्धं लक्ष कायम दाराकडे असतं: आज बाबा कोणत्या पावलांनी येतायत? त्याला हवी असते ती ठरलेली, न बदलणारी वेळ. रोज संध्याकाळी सहा ते आठ तो तुमच्याकडे अभ्यासाला बसेल, एवढी साधी सोय वर्षभर टिकवली तर तिचं मोल मोठं आहे. टिकवता येणार नसेल तर रोजचं वचन देऊ नये. आठवड्यातून दोनच दिवस द्यावेत, पण ते पाळावेत. त्याला आईबापांविषयी खोदून विचारू नये आणि बापाला त्याच्यासमोर नावं ठेवू नयेत, कारण मूल बापावर प्रेमही करत असतं. स्वतःहून बोललं तर ऐकावं आणि तीन गोष्टी त्याच्या कानावर पुन्हा पुन्हा घालाव्यात: हे तुझ्यामुळे झालं नाही, ते थांबवणं तुझं काम नाही, आणि भीती वाटली तर इथे यायचं. मोठं मूल बाटली लपवतं, पाणी मिसळतं, आईच्या पुढे उभं राहतं. त्याला शाबासकी देण्याऐवजी त्या जबाबदारीतून हळूच बाहेर काढावं. तुमचा आणि पोलिसांचा फोन नंबर त्याला पाठ हवा. भांडणात मोबाइल आधी फुटतो.

मारहाण होत असेल तर आधी आराखडा, मग धाडस. घरातल्या बाईशी शांत वेळी ठरवून ठेवावं: दोन मिस्ड कॉल म्हणजे काय, 'वाटीभर साखर आहे का' म्हणजे काय, आणि त्यावर तुम्ही पोलिसांना बोलवायचं की नुसतं दार उघडं ठेवायचं. हे तिच्या तोंडून यायला हवं. एक पिशवी तुमच्याकडे असावी: ओळखपत्रं आणि बँकेच्या कागदांच्या प्रती, रोजची औषधं, दोन जोडी कपडे, चार्जर, जादा किल्ली, मुलांची चारदोन वह्यापुस्तकं. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबू नये, तिथे सुरी आणि गॅस असतो. बाथरूममध्ये शिरू नये, तिथून दुसरी वाट नसते. शेजाऱ्याने एकट्याने मध्ये पडू नये. दोघांनी मिळून बेल वाजवून एखादा किरकोळ प्रश्न विचारला तरी काही वेळा हात थांबतो. थांबला नाही तर थेट पोलीस. प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नये. त्याला सकाळी बहुधा आठवणारही नाही. तिने घर सोडायचं ठरवलं तर ते गुप्त ठेवा, कारण निघण्याचा आणि त्यानंतरचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. दारू सुटली की मारहाणही सुटेल, असं तिला सांगू नका. काही घरांत सुटते, काही घरांत नाही.

आता त्याला उपचारापर्यंत कसं आणायचं? सगळ्यांनी मिळून अचानक घेरायचं आणि जाब विचारायचा, ही पद्धत लोकप्रिय आहे, पण तिचा निकाल तेवढा चांगला नाही. १९९९ साली विल्यम मिलर आणि रॉबर्ट मेयर्स यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३० कुटुंबीयांची तीन गटांत विभागणी केली होती. घेरून बोलण्याची तयारी केलेल्या गटात ३० टक्के पिणारे उपचाराला आले. बऱ्याच घरांना ती बैठक घेणं जमलंच नाही. घरच्यांनाच वागण्या-बोलण्याचं प्रशिक्षण दिलेल्या गटात ६४ टक्के आले. आधारगटाकडे वळवलेल्या गटात १३ टक्के, पण तिन्ही गटांत घरच्यांची स्वतःची मनःस्थिती सुधारली. त्या प्रशिक्षणाचं सार असं: तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याशी प्रेमाने वागायचं, सोबत बसायचं, प्यायलेला असेल तेव्हा शांतपणे बाजूला व्हायचं, त्याने केलेला पसारा आवरायचा नाही, आणि त्याला स्वतःलाच पश्चात्ताप होत असेल अशी वेळ साधून उपचाराचं विचारायचं. 'हो' म्हणाला तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी वेळ मिळायला हवी, कारण ते 'हो' टिकत नाही. शेजाऱ्याची खरी उपयोगी कामं इथेच आहेत. केंद्राचा फोन, वेळा, लागणारी कागदपत्रं आधीच विचारून ठेवणं, गाडीची सोय करणं, आणि ते दोघं तिकडे असतील तेवढे तास मुलं किंवा आजी सांभाळणं. जिथे मारहाणीची भीती आहे तिथे मात्र समुपदेशकाला विचारल्याशिवाय हा प्रयोग घरच्यांनी करू नये.

पिणाऱ्यांसाठी १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा बऱ्याच जणांना माहीत असतात. घरच्यांसाठी १९५१ पासून 'अल-ॲनॉन' आहे आणि किशोरवयीन मुलांसाठी १९५७ पासून 'अलाटीन', हे पुष्कळ घरांना कधी कळतच नाही. तिथे फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही, आणि पिणारा अजून पीत असला तरी घरचे जाऊ शकतात. पहिल्या सभेला दारापर्यंत सोबत जावं. आत बसायची गरज नाही.

केंद्रातून तो परत आला की पहिले तीन महिने नाजूक असतात. जवळ जाऊन वास घेणं, 'काय, परत सुरू नाही ना?' असं विचारणं, सत्कार करणं, यांतलं काही नको. नेहमीसारखं बोलावं, तुमच्या घरच्या बैठकीत पेले असतील तर त्याला त्या दिवशी बोलावू नये, आणि त्याच्या डायसल्फिरमच्या गोळ्या चालू असल्याची कल्पना असेल तर त्याला अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध देऊ नये. बऱ्याच जणांचा पाय एकदा तरी घसरतो. तेव्हा 'आधीचं सगळं वाया गेलं' असं घरच्यांना वाटू देऊ नये. त्याच आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे जायला सांगावं. काही आठवडे न पिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पूर्वीइतकीच एकदम प्यायली तर ती झेपत नाही. म्हणून त्या रात्री त्याला एकट्याने खोलीत बंद होऊ देऊ नये.

शेजाऱ्यालाही थकवा येतो. एकाच घराने सगळं ओढू नये. विश्वासातल्या आणखी एका घराशी, त्या कुटुंबाला विचारून, कामं वाटून घ्यावीत, एकाकडे मुलांचा अभ्यास, दुसऱ्याकडे रात्रीचा फोन.

आपल्या अंकात रोजच्या कार्यक्रमांचं सदर असतं. त्यात अल-ॲनॉनच्या आणि इतर कुटुंबीय गटांच्या सभांची जागा आणि वेळ आठवड्यातून एकदा छापावी, अशी विनंती. ज्या बाईला उघड विचारता येत नाही, ती तो कोपरा वाचून घडी करून ठेवू शकेल.

आपले,
व्यसनमुक्तीच्या कामातील काही वाचक